काचेच्या पेटीतील समुद्र

सराफाच्या दुकानात नवरत्नांची अंगठी पाहिली, तर हिरा, माणिक, पाचू यांच्या पंक्तीला एक तांबूस, मवाळ तेजाचा खडा बसलेला दिसतो. ते पोवळे होय. हिरा, माणिक, पाचू ही रत्ने भूमीच्या पोटातून निघतात. मोती आणि पोवळे ही मात्र समुद्राच्या पोटातून येतात. मोती शिंपल्यात तयार होतो, हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु पोवळे कोण तयार करते, असे विचारले तर पुष्कळ मोठी माणसेही विचारात पडतात. त्यात नवल नाही. पोवळ्याला झाडासारख्या फांद्या असतात आणि दगडासारखा कठीणपणा असतो. त्यामुळे ती समुद्रातील एक वनस्पती असून पाण्याबाहेर काढताच तिचा दगड होतो, असे युरोपातील विद्वान शेकडो वर्षे मानीत आले होते.

या कोड्याचा उलगडा झाला, तो समुद्राच्या पाण्याने भरलेल्या एका साध्या पात्रामुळे. १७०६ साली मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पोवळ्याच्या ताज्या फांद्या अशा पात्रात ठेवल्या. काही वेळाने त्या फांद्यांवर आठ आठ पाकळ्यांची पांढरी, नाजूक फुले उमललेली त्याला दिसली. फांदी पाण्याबाहेर काढली की फुले मिटत. पुन्हा पाण्यात ठेवली की उमलत. फुले दिसली, तेव्हा पोवळे ही वनस्पतीच, असे सर्वांचे मत पक्के झाले. पुढे १७२३ पासून मार्से शहरातील झां आंद्रे पेसोनेल या वैद्याने त्याच फुलांकडे अधिक धीराने पाहिले. बोट लावताच ती अंग आक्रसून घेत. मेली, म्हणजे त्यांना कुजक्या मासळीसारखी दुर्गंधी येई. ही फुले नव्हेत, हे लहान प्राणी आहेत आणि पोवळे हे त्यांनीच रचलेले आहे, असे पेसोनेलने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळविले. अकादमीतील थोर शास्त्रज्ञ रेओमूर यांना हे मत इतके विचित्र वाटले, की पेसोनेलचे हसे होऊ नये म्हणून त्यांनी सभेत त्याचे नावही उच्चारले नाही. पुढे सुमारे पंधरा वर्षांनी इतर जलचरांच्या अभ्यासातून तेच सत्य पुन्हा पुढे आले. तेव्हा रेओमूर यांनी १७४२ साली आपली चूक मोकळ्या मनाने मान्य केली.

पेसोनेलने पाहिलेल्या त्या लहान प्राण्याला पॉलिप म्हणतात. त्याची रचना अगदी साधी असते. एखाद्या इवल्याशा पिशवीसारखे शरीर, पिशवीला एकच तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारख्या अवयवांचे कडे. या अवयवांनी तो पाण्यातून वाहत येणारे सूक्ष्म जीव पकडतो. एका पॉलिपापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, असे करता करता हजारो पॉलिपांची वसाहत होते. त्या वसाहतीला प्रवाळ असे नाव आहे. कठीण प्रवाळांचे पॉलिप समुद्राच्या पाण्यातून चुन्याचा अंश घेतात आणि आपल्या अंगाखाली चुनखडीचा सांगाडा रचतात. पिढ्यान् पिढ्या असे सांगाडे साचत जाऊन त्यांचे खडक बनतात व खडकांची बेटे होतात. लक्षद्वीपची बेटे अशाच कारागिरांनी घडविलेली आहेत.

दागिन्यातील तांबडे पोवळे भूमध्य समुद्रात, अंधाऱ्या कपारींत वाढते. त्याला उन्हाची गरज नसते. परंतु उष्ण प्रदेशातील उथळ समुद्रात खडक रचणारे जे रंगीबेरंगी प्रवाळ आहेत, त्यांचे जीवन मात्र सूर्यावर अवलंबून असते. प्राणी असून त्यांना ऊन कशाला हवे, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. ऊन हवे असते ते वनस्पतींना. या प्रश्नाचे उत्तर पॉलिपाच्या शरीरातच दडलेले आहे. त्याच्या पेशींत सोनेरी तपकिरी रंगाचे सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. एका चौरस सेंटिमीटर जागेत या शैवालाच्या सुमारे दहा लाख वा त्याहूनही अधिक पेशी आढळतात. शैवाल उन्हाच्या साहाय्याने साखरेसारखे अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. पुष्कळ प्रवाळांना लागणाऱ्या शक्तीपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत शक्ती या अन्नातून मिळते. मोबदल्यात प्रवाळ शैवालाला राहायला सुरक्षित जागा देतो, आणि प्रवाळाच्या शरीरातून बाहेर पडणारी टाकाऊ द्रव्ये शैवालाला खतासारखी उपयोगी पडतात. घरमालक आणि भाडेकरू या दोघांचेही पोट एकमेकांवर चालावे, असा हा संसार आहे. शास्त्रात याला सहजीवन म्हणतात.

हा संसार प्रकाशावाचून टिकत नाही, हे शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. १९२८-२९ साली ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफ या प्रचंड प्रवाळरांगेवरील लो आइल्स नावाच्या लहान बेटांवर सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांचे एक पथक वर्षभराहून अधिक काळ राहिले. त्यांनी काही प्रवाळ प्रकाश शिरणार नाही अशा पेट्यांत ठेवले. दिवसामागून दिवस गेले, तसतसे अंधारातील प्रवाळांच्या अंगातून शैवाल बाहेर पडू लागले व प्रवाळ फिकट होत गेले. पुढे १९५९ साली टॉमस गोरो या शास्त्रज्ञाने जमैकातील आपल्या प्रयोगांवरून दाखवून दिले, की असे प्रवाळ अंधारापेक्षा उजेडात कित्येक पटींनी अधिक वेगाने आपला सांगाडा रचतात. उजेड म्हणजे प्रवाळाचे अन्न होय आणि उजेडामुळेच त्याच्या बांधकामालाही वेग येतो.

एवढे ज्ञान हाती आल्यावर, हे समुद्रातील उद्यान घरातल्या काचेच्या टाकीत फुलविता येईल काय, असा विचार हौशी माणसांच्या मनात येणे स्वाभाविक होते. परंतु मासे पाळणे वेगळे आणि प्रवाळ पाळणे वेगळे. समुद्रातून आणलेले प्रवाळ टाकीत काही आठवडे तग धरीत व मग एकाएकी पांढरे पडून मरत. या बाबतीत पहिले नाव घेण्यासारखे यश मिळविले, ते इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थांनी. त्यांनी आपली पद्धत १९६१ साली एका अमेरिकन मासिकातून जगापुढे मांडली. तिच्यात कोणतेही गुंतागुंतीचे यंत्र नव्हते. समुद्राचे स्वच्छ पाणी, अंगावर सूक्ष्म जीव वागविणारे समुद्रातलेच खडक, पाणी हलते राहावे म्हणून सोडलेले हवेचे बुडबुडे आणि भरपूर ऊन, एवढीच त्यांची सामग्री होती. जकार्ता विषुववृत्ताजवळ आहे. तेथे बाराही महिने दिवस सुमारे बारा तासांचा असतो व समुद्रही हाताशी आहे. समुद्रात प्रवाळांना जे मिळते, त्यातील शक्य तितके त्यांना टाकीत देणे, हेच ली चिन एंग यांच्या यशाचे रहस्य होते.

पण जेथे ऊनही नाही आणि समुद्रही नाही, तेथे काय करावे? जर्मनीतील बर्लिन शहराचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथे डिसेंबर महिन्यातील दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो आणि आकाश बहुधा झाकोळलेले असते. अशा शहरातील हौशी लोकांनी १९८० नंतरच्या दशकात आपल्या घरांतून प्रवाळांच्या बागा फुलविल्या. त्यांनी टाकीवर मेटल हॅलाइड जातीचे प्रखर विजेचे दिवे टांगले, पाण्यात सजीव खडक रचले व पाण्यातील मळ फेसावाटे बाहेर काढणारे यंत्र जोडले. ही रीत पुढे बर्लिनच्याच नावाने प्रसिद्ध झाली. ते दिवे टाकीचे पाणी फार तापवीत आणि त्यांना वीजही पुष्कळ लागे. अलीकडे त्यांची जागा बहुतेक ठिकाणी एलईडी दिव्यांनी घेतली आहे.

दिवा मोठा आणला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. प्रकाशाचा रंग, त्याची तीव्रता आणि त्याचा काळ या तिन्ही गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. प्रथम रंगाचा विचार करू. सूर्याचा पांढरा प्रकाश सात रंगांचा बनलेला असतो. तो समुद्रात शिरला, की पाणी तांबडा रंग सर्वांआधी शोषून घेते. दहा मीटर खोलीवर तांबडा प्रकाश फारच थोडा उरतो. निळा प्रकाश मात्र स्वच्छ पाण्यात खोलवर पोचतो. प्रवाळांतील शैवालाला या निळ्या प्रकाशावर अन्न तयार करण्याची सवय झालेली आहे. म्हणून प्रवाळांच्या टाकीवरील दिव्यात निळ्या प्रकाशाचा भाग मोठा ठेवतात.

तीव्रतेची गरज प्रत्येक जातीची निराळी असते. लाटांच्या जवळ, उथळ पाण्यात वाढणाऱ्या फांद्यांच्या प्रवाळांना प्रखर उजेड लागतो. त्यांना टाकीत वरच्या बाजूला, दिव्याजवळ बसवितात. अळंब्यांसारखे दिसणारे व इतर अनेक मऊ जीव मंद उजेडात सुखाने राहतात. त्यांची जागा खाली किंवा खडकाच्या सावलीत असते. नव्याने आणलेल्या प्रवाळाला एकदम प्रखर दिव्याखाली ठेवणे हे घातकच होय. अंधाऱ्या खोलीतून अचानक भर दुपारच्या उन्हात आलेल्या माणसाचे डोळे दिपतात, त्याप्रमाणे प्रवाळातील शैवालही भांबावते. त्याच्या कामात बिघाड होऊन प्रवाळाला अपायकारक द्रव्ये निर्माण होतात, आणि प्रवाळ त्याला बाहेर घालवून देतो. म्हणून आरंभी उजेड मंद ठेवून तो दोन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवीत नेतात. तिसरी गोष्ट काळाची. दिवसातून आठ-दहा तासांचा चांगला उजेड बहुतेक प्रवाळांना पुरतो. रात्रंदिवस दिवा जळत ठेवला तर ते दुप्पट वाढतील, हा समज चुकीचा आहे. अनेक प्रवाळ रात्रीच्या काळोखात आपली इवलीशी बोटे पसरून भक्ष्य पकडतात. त्यांना दिवस हवा, तशीच रात्रही हवी.

प्रवाळाला वाचा नाही. भूक लागली तर त्याला ओरडता येत नाही आणि पाणी सोसले नाही तर पळूनही जाता येत नाही. परंतु त्याचा रंग बोलतो. निरोगी प्रवाळाचे हिरवे, निळे, जांभळे व गुलाबी रंग त्याने स्वतः तयार केलेल्या रंगद्रव्यांचे असतात. प्रखर उजेडात वाढणाऱ्या पुष्कळ प्रवाळांत ही रंगद्रव्ये शैवालावर छत्रीसारखे काम करतात व उन्हाचा मारा सौम्य करतात. त्यांतील काही द्रव्ये निळा प्रकाश घेऊन त्याऐवजी हिरवा किंवा तांबडा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. निळ्या दिव्याखाली काही प्रवाळ जणू आतून पेटल्यासारखे दिसतात, ते यामुळेच. १९९९ साली मॉस्कोतील संशोधकांनी मत्स्यालयात पाळलेल्या प्रवाळांच्या भाऊबंदांतून असे एक तांबडे द्रव्य शोधून काढले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत पेशींच्या आतील हालचाली पाहण्यासाठी अशा द्रव्यांचा उपयोग केला जातो.

उजेड कमी पडला किंवा पाण्यात खताचा अंश वाढला, तर प्रवाळातील शैवाल दाट होते आणि त्याच्या सोनेरी तपकिरी रंगाखाली इतर रंग झाकून जातात. मग गुलाबी प्रवाळ मातकट दिसू लागतो. उलट, उजेड वा उष्णता असह्य झाली, तर शैवाल निघून जाते, पॉलिपाचे शरीर काचेसारखे पारदर्शक होते आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन असे म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ तत्काळ मरत नाही. तो उपाशी असतो. योग्य स्थिती लवकर परत आली, तर शैवाल पुन्हा वस्तीला येते व प्रवाळ वाचतो. उशीर झाला, तर वाचत नाही. टाकीची निगा राखणाऱ्याने दररोज दोन मिनिटे थांबून ही रंगांची भाषा वाचावी लागते.

प्रकाश हे प्रवाळाचे अन्न असेल, तर पाणी हे त्याचे घर, हवा आणि कोठार असे सर्व काही आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. जेवणातले मीठ पाण्यात विरघळवून समुद्राचे पाणी तयार होत नाही, कारण समुद्रात साध्या मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचेही क्षार असतात. ज्यांच्याजवळ समुद्र नाही, ते या सर्वांचे योग्य मिश्रण असलेले तयार मीठ शुद्ध पाण्यात मिसळतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन व तांब्यासारख्या धातूंचा अंश प्रवाळांना बाधतो. म्हणून ते पाणी आधी गाळून शुद्ध करावे लागते. तांबे तर त्यांना विषच होय. माशांच्या रोगावरील काही औषधांत तांबे असते. माशांना बरे करण्यासाठी असे औषध टाकीत घातले आणि प्रवाळ मेले, असे अनुभव अनेकांना आले आहेत.

येथे एक साधे गणित लक्षात ठेवण्याजोगे आहे. १०० लिटरच्या टाकीत दर लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे ३,५०० ग्रॅम मीठ असते. उन्हाळ्यात त्यातील १० लिटर पाण्याची वाफ होऊन गेली, तर मीठ तितकेच राहते, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही. आता ९० लिटर पाण्यात ३,५०० ग्रॅम, म्हणजे दर लिटरला जवळजवळ ३९ ग्रॅम मीठ झाले. पाणी कमी झाले म्हणून त्यात पुन्हा खारे पाणी ओतले, तर खारटपणा वाढतच जाईल. म्हणून वाफेने गेलेल्या पाण्याची भरपाई नेहमी शुद्ध गोड्या पाण्याने, रोज थोडी थोडी करतात.

पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवतात, आणि त्यातही ते सकाळी एक व संध्याकाळी एक असे होऊ देत नाहीत. पाणी सतत खेळते हवे. समुद्रात लाटा येतात, जातात, उलट फिरतात. त्याप्रमाणे टाकीतही लहान पंपांनी पाण्याला निरनिराळ्या दिशांनी गती देतात. प्रवाळ एका जागी खिळलेला असल्यामुळे त्याचे जेवण त्याच्यापर्यंत चालत यावे लागते. ते आणून देणारा आणि त्याच्या अंगावरील मळ धुऊन नेणारा सेवक म्हणजे पाण्याचा प्रवाह होय.

सांगाड्याच्या बांधकामासाठी प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम वापरतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात ते ४०० मिलिग्रॅमहून थोडे अधिक असते. समुद्र अथांग असल्यामुळे तेथे त्याची उणीव पडत नाही. परंतु लहान टाकीत वाढते प्रवाळ ते भराभर संपवितात. ही उणीव भरून काढण्याचा एक जुना उपाय मोठा साधा आहे. जर्मन हौशी मंडळींनी तो प्रचारात आणला. आणि त्याची वस्तू महाराष्ट्रातल्या घरांना मुळीच अपरिचित नाही. ती म्हणजे चुन्याची निवळी. शुद्ध चुना पाण्यात कालवून ठेवला, की जड भाग खाली बसतो आणि वर नितळ निवळी राहते. ती रात्रीच्या वेळी थेंब थेंब टाकीत सोडतात. एकदम ओतली, तर पाण्याचा गुणधर्म क्षणात पालटतो आणि जे औषध म्हणून दिले, तेच अपाय करते. चुना दाहक असल्यामुळे हे काम मोठ्या माणसांनीच करावयाचे असते.

या सर्वांहून अवघड गोष्ट एकच आहे, आणि ती दुकानात विकत मिळत नाही. ती म्हणजे धीर. टाकी भरली, दिवा लावला आणि त्याच दिवशी प्रवाळ आणून बसविले, तर ते बहुधा जगत नाहीत. माशांच्या विष्ठेपासून व उरल्या अन्नापासून अमोनिया हे विषारी द्रव्य निर्माण होते. डोळ्यांना न दिसणारे काही जिवाणू त्याचे रूपांतर नायट्राइटात व दुसरे जिवाणू नायट्राइटाचे त्याहून पुष्कळ सौम्य अशा नायट्रेटात करतात. या जिवाणूंची वस्ती खडकांवर व वाळूत व्हावयास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकी रिकामी दिसली, तरी ती रिकामी नसते. तिच्यात पुढच्या पाहुण्यांच्या स्वागताची तयारी चाललेली असते. त्यानंतरही दर आठवड्याला वा पंधरवड्याला थोडे पाणी बदलणे, खारटपणा व तापमान मोजणे आणि ते वहीत टिपून ठेवणे, ही कामे नेमाने करावी लागतात. आज चार तास खपून पुढे महिनाभर न पाहणाऱ्यापेक्षा रोज दहा मिनिटे देणाऱ्याची टाकी अधिक फुलते.

भारतात मात्र एक गोष्ट प्रथम ध्यानात ठेवली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण आहे, तेच खडक रचणाऱ्या प्रवाळाला आहे. समुद्रातून प्रवाळ तोडून आणणे हा गुन्हा होय. त्यांचे दर्शन घ्यावयाचे ते समुद्रातच. लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात येथे त्यांच्या मोठ्या वसाहती आहेत. महाराष्ट्रातही मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्रात प्रवाळ आढळतात. त्या भागाला १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, भर समुद्रात पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार आहे. त्यावरही प्रवाळांची वस्ती आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात.

मग काचेच्या पेटीतील या खटाटोपातून जगाला काय मिळाले? मोडलेल्या फांदीचा लहानसा तुकडा खडकावर घट्ट बसविला, तर त्यापासून नवी वसाहत वाढते, हे प्रवाळ पाळणारे लोक पिढ्या वाढवून दाखवीत आले. तीच रीत आज अनेक देशांत उजाड झालेल्या प्रवाळखडकांवर पुन्हा लागवड करण्यासाठी वापरली जाते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. एक-दोन अंशांनी पाणी तापले तर प्रवाळाचे काय होते, हे टाकी पाळणारा आपल्या डोळ्यांनी पाहतो. तेच आता समुद्रात घडू लागले आहे. पृथ्वीचे हवामान तापत चालल्यामुळे समुद्राचे पाणीही तापत आहे. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एक अंश अधिक उष्णता काही आठवडे टिकली, तरी प्रवाळ पांढरे पडू लागतात. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी मोठे विरंजन झाले. २०२४ साली तर जगातील निरनिराळ्या महासागरांत एकाच काळात विरंजन चालू असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले.

टाकीतले पाणी तापले, तर वर पंखा लावता येतो. समुद्राला पंखा लावता येत नाही. तेथे उष्णता वाढूच न देणे, एवढा एकच उपाय माणसाच्या हाती आहे. तीनशे वर्षांपूर्वी पेसोनेल आपल्या पात्रातील फुलांकडे धीराने पाहत राहिला, म्हणून ती फुले नसून जीव आहेत, हे जगाला कळले. आज तेच जीव आपल्या उडालेल्या रंगांतून काही सांगत आहेत. ते ऐकण्यास पुन्हा पंधरा वर्षे लावणे माणसाला परवडणारे नाही.

स्वाध्याय

१. खालील प्रश्नांची एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पोवळे ही वनस्पती आहे, असे मार्सिलीच्या प्रयोगानंतर लोकांना अधिकच का वाटू लागले?
(आ) रेओमूर यांनी सभेत पेसोनेलचे नाव का घेतले नाही?
(इ) प्रवाळांच्या टाकीवरील दिव्यात निळ्या प्रकाशाचा भाग मोठा का ठेवतात?

२. कारणे द्या.
(अ) प्रवाळाला दिवसाप्रमाणेच रात्रीचीही गरज असते.
(आ) वाफेने गेलेल्या पाण्याची भरपाई खाऱ्या पाण्याने करीत नाहीत.
(इ) नवी टाकी भरल्याबरोबर तिच्यात प्रवाळ ठेवू नयेत.

३. एका टाकीत २०० लिटर पाणी असून दर लिटरला ३५ ग्रॅम मीठ आहे. त्यातील २५ लिटर पाण्याची वाफ झाली, तर दर लिटरला किती ग्रॅम मीठ होईल?

४. ‘घरमालक आणि भाडेकरू या दोघांचेही पोट एकमेकांवर चालावे, असा हा संसार आहे.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

५. पुढील शब्दांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : सहजीवन, निवळी, अथांग, तग धरणे, दिपणे.

६. आपल्या परिसरातील एखादे झाड, पक्षी किंवा कीटक सात दिवस रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटे पाहा. जे दिसेल ते तारखेसह वहीत नोंदवा व शेवटी वर्गात वाचून दाखवा.